सहा नंबर बंद असताना

१

एक वाजायला पाच मिनिटं असली की बाई जेवणाचा डबा उघडायच्या, आत काय आहे ते बघायच्या आणि पुन्हा झाकून ठेवायच्या. एक वाजता फीडर, म्हणजे गावाच्या एका भागाला वीज नेणारी लाइन, बंद करायचा असे, आणि फीडर बंद झाला की पुढचा अर्धा तास टेबलावरचा फोन घास गिळू देत नसे.

सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये दोन फोन होते. एक हुकमाचा, एक शिव्यांचा. हुकमाच्या फोनवरून मुख्य केंद्रातला माणूस एवढंच सांगे, "बाई, लोड वर चाललाय. सहा नंबर, एक तास." शिव्यांच्या फोनवर सगळं गाव बोलत असे. "लाइट कधी येणार?" इथपासून सुरुवात होऊन "तुमच्या घरची बरी जात नाही हो?" इथपर्यंत मजल जाई. बाई सगळ्यांना एकच उत्तर देत, "दोन वाजता येईल." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कानांना घट्टे पडले होते.

त्या वर्षी उन्हाळ्याने ताळतंत्र सोडलं होतं. ज्यांच्याकडे एसी नव्हता त्यांनी घेतला, ज्यांच्याकडे होता त्यांनी दुसरा घेतला. ट्रान्सफॉर्मर मात्र तेच, तारा त्याच. अंथरूण तेवढंच आणि पाय रोज वीतभर लांब. मग गावाचे सहा भाग पाडून आळीपाळीने वीज बंद ठेवायची ठरली. सहा नंबरचा फीडर गावाच्या कडेच्या वस्तीचा. त्याच्या वाट्याला भर दुपारचा तास आला.

बाई एकट्याच होत्या. लग्न राहून गेलं, आई दोन वर्षांपूर्वी गेली. बहीण दूरच्या शहरात. रविवारी फोन करायची, आठवण राहिली तर. सबस्टेशनच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. कितीतरी दिवस असे जात, की "दोन वाजता येईल" या वाक्याखेरीज बाईंच्या तोंडून दुसरं वाक्य निघालेलं नसे.

तर त्या मंगळवारी एक वाजता बाईंनी सहा नंबरचा ब्रेकर पाडला. नेहमीसारखा धाडकन आवाज झाला. पॅनलवरचा करंटचा काटा एकशे चाळीसवरून सरसर खाली आला.

आणि चारवर थांबला.

२

बाईंनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

त्यांनी ब्रेकर उघडलाय का ते मागे जाऊन बघितलं. उघडलेला होता. म्हणजे तार इथे तुटल्यासारखीच. तुटलेल्या तारेतून जाणार काय आणि कसं? पलीकडे कुणी जनरेटर लावून उलटी वीज सोडली तरी या काट्याला त्याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. बाईंनी लॉगबुकात शून्य लिहिलं, कारण शून्यच असणार होतं.

बुधवारीही काटा चारवर राहिला. गुरुवारी टेस्टिंगवाला आला. त्याने मीटर काढलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. "म्हातारं झालंय," तो म्हणाला. "काटा अडकतो."

"अडकतो, तर रोज चारवरच कसा अडकेल?"

"बाई, माझे गुडघेही रोज तिसऱ्याच पायरीवर दुखतात."

बाई हसल्या. त्याने नवं मीटर बसवून दिलं. शुक्रवारी एक वाजता नव्या मीटरचा काटा खाली आला आणि सहावर थांबला.

३

त्याच शुक्रवारी तो फोन आला.

एक वाजून दहा मिनिटांनी, शिव्यांच्या फोनवर. बाईंनी उचलला आणि सवयीने म्हणाल्या, "दोन वाजता येईल."

"हो हो, येऊ दे सावकाश," पलीकडची बाई म्हणाली. वयाने मोठी असावी. आवाज मऊ, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "तुम्ही जेवलात का?"

डबा समोर होता. "नाही अजून," त्या म्हणाल्या.

"अहो, मग जेवून घ्या आधी. रोज असंच करता. फोन काय, वाजतच राहणार. किती वर्षं एकट्यानं निभावताय हे."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"इथूनच. शेवटच्या गल्लीतून. जेवा तुम्ही."

फोन ठेवला गेला. बाईंनी डबा उघडला आणि जेवल्या. जेवता जेवता त्यांच्या लक्षात आलं, की त्या बाईच्या आवाजामागे पंख्याची घरघर होती. मधेच मिक्सर फिरला होता. कुणीतरी मोठ्याने हसलंही होतं.

शेवटची गल्ली सहा नंबरवर होती.

इन्व्हर्टर असेल, बाईंनी स्वतःला सांगितलं. हल्ली घरोघरी असतो. पण इन्व्हर्टरवर कुणी मिक्सर फिरवत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तो विचार त्यांनी डब्याबरोबर बंद करून टाकला.

४

मग तो फोन रोज येऊ लागला. बाईंना बोलायची सवय नव्हती. सुरुवातीला हो-नाही करत. मग हळूहळू सैल झाल्या. आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या, ते बोलल्या. बहिणीचा राग सांगितला. ती बाई ऐकून घेई. "असतं असं," म्हणे. "आपलंच माणूस ते, पण आपल्याला विचारत नाही."

तिच्या मागचे आवाज मात्र वाढत चालले होते. आधी दोन-तीन माणसं वाटायची. आता घर भरल्यासारखं वाटे. भांडी, पावलं, धुण्याच्या मशीनची गरगर, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी चाललेल्या गप्पा. एकदा बाईंनी कान देऊन ऐकलं. गप्पांतला एकही शब्द समजला नाही. भाषा आपलीच वाटत होती, पण शब्द हाती लागत नव्हता.

"घरी पाहुणे आलेत का?"

"पाहुणे कसले? सगळे घरचेच."

काटा आता बारावर थांबत होता. लॉगबुकात बाई शून्य लिहीत होत्या.

दोन वाजता बाई फीडर चालू करत, आणि ज्या क्षणी ब्रेकर बसे त्याच क्षणी फोन कट होई. शब्द अर्धा राहायचा. एके दिवशी दोनला एक मिनिट असताना ती म्हणाली, "आज थोडा वेळ जास्त ठेवा ना बंद. दहा मिनिटं. बोलणं राहिलंय."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या फोनकडे पाहिलं. तिकडून कुणी विचारायला येणार नव्हतं. लोड जितका कमी तितकं त्यांना हवंच होतं.

त्या दिवशी सहा नंबर सव्वादोनला चालू झाला. त्यानंतर रोजच.

५

पोलमामा हे सबस्टेशनचे सर्वांत जुने लाइनमन. सगळं आयुष्य खांबावर गेलं म्हणून हे नाव. "जमिनीवर मला चक्कर येते," असं ते सांगत. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

सहा नंबरच्या शेवटच्या खांबावरचा एक जोड सैल झाला होता. सोमवारी बंदच्या वेळात तो आवळायचा ठरला. पोलमामांनी फोन केला, "बाई, पाडलात का?"

"पाडला, मामा."

"काटा?"

पॅनलवर काटा पंधरावर होता. मीटर दोनदा तपासलं होतं, एकदा बदललं होतं. ब्रेकर डोळ्यांसमोर उघडा होता. खरं काय ते सांगायचं, तर ते काय होतं?

"शून्य," बाई म्हणाल्या.

पोलमामांनी तार टेस्टरने तपासली. अर्थिंगची साखळी लावली. सगळं नियमाप्रमाणे केलं. तरी वीस मिनिटांनी दुसऱ्या लाइनमनचा ओरडत फोन आला.

संध्याकाळी बाई दवाखान्यात गेल्या. पोलमामा पडले नव्हते. पट्ट्यामुळे खांबाला लटकून राहिले होते. हाताला भाजल्याची खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, घाबरलेत, दुसरं काही नाही.

"मामा, चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "काटा शून्यावर नव्हता."

पोलमामा उजवा हात पुढे करून तळव्याकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षांत तीन झटके खाल्लेत मी. झटका कसा असतो ते मला शिकवू नका. हा झटका नव्हता."

"मग?"

"कुणीतरी हात हातात घेतला. असा, हळूच. आणि सोडेना." त्यांनी तळवा मिटला. "ओढत नव्हतं हो. नुसतं धरून होतं. वाईट सांगू का? मलाही सोडवून घ्यावंसं वाटेना."

६

शनिवार हा बाईंच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बदलीचा ऑपरेटर येई. शिव्यांच्या फोनला नंबर दिसायची छोटी काच होती; रोज येणारा नंबर बाईंनी ग्राहकांच्या यादीत शोधून पत्ता काढला होता. साडेबारा वाजता छत्री घेऊन त्या निघाल्या.

शेवटची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना एकमजली घरं. भर दुपारी तिथे सावलीचा टिपूसही नव्हता. बाई पोचल्या तेव्हा एकला दहा मिनिटं होती, आणि घराघरांतून माणसं बाहेर पडत होती. कुणी खुर्ची घेऊन, कुणी स्टूल. एका म्हातारीला दोघांनी उचलून आणलं आणि तिच्या डोक्यावर ओला टॉवेल घातला. बाहेर आल्यावर प्रत्येकजण आपलं दार ओढून घेत होता. एक वाजता सगळी गल्ली उन्हात बसलेली होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पत्त्यावरच्या घरासमोर एक म्हातारे गृहस्थ छत्री उघडून बसले होते. शेजारी त्यांची सून, तिशीची. बाकी सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. हिची खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

"काका, एवढ्या उन्हात का बसता?" बाईंनी विचारलं.

"आत उकडतं," काका म्हणाले.

"बाहेर त्याहून जास्त उकडतंय."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुम्हीच बंद करता ना?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल," ते म्हणाले. "लाइट गेली की आत गर्दी होते."

बाईंनी विषय बदलावा तसं विचारलं, "तुमच्याकडून मला रोज फोन येतो. घरात आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. मुलगा कामाला लांब आहे, वर्षातून एकदा येतो. मी आणि ही."

"मग फोन?"

"फोन आत आहे," काका म्हणाले. "आणि आम्ही दोघं इथे."

७

बाई दाराकडे गेल्या. काकांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "जाऊ नका असं म्हणत नाही मी. ही गेली होती मागच्या महिन्यात, पाणी आणायला."

"मग?"

"आली की परत. बाटली भरून आली." त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या दिवसापासून साडेबारालाच तयार होऊन बसते."

सून हसली. तिने केस नीट विंचरले होते.

दाराखालच्या फटीतून गार हवा येत होती. बाईंच्या भाजलेल्या पावलांना ती लागली आणि अंगावर काटा आला. त्यांनी शेजारच्या खिडकीला डोळा लावला. पडदा होता, कडेला दोन बोटांची फट.

आधी पंखा दिसला. पूर्ण वेगाने फिरत होता. मग दिव्याचा पिवळा उजेड. मग पाठी. खोली लहान होती, चार माणसं बसली तर भरून जाईल एवढी. तिच्यात पाठीला पाठ लागून माणसं उभी होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि त्यांच्यामागे स्वयंपाकघरात, आणि त्याच्याही मागे, जिथे घर संपायला हवं होतं तिथेही. सगळी हळूहळू डुलत होती, गप्पांत रमलेली माणसं डुलतात तशी. फोनपाशी एक पाठमोरी बाई रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

ती बोलायची थांबली. वळली नाही. रिसीव्हर खाली घेतला आणि तसंच पाठमोरं राहून, ओळखीच्या मऊ आवाजात म्हणाली, "अगंबाई, आलात? मग उन्हात का उभ्या? आत या ना."

बाईंचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथे कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. आईच्या मरणानंतर "आत या" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. कडी गार होती. एवढंच करायचं होतं, ती सरकवायची.

मागून कुणीतरी त्यांची ओढणी धरली. सून उभी होती. तिचा चेहरा रागाने वाकडा झाला होता.

"माझं घर आहे हे," ती म्हणाली. "तुम्ही का म्हणून?"

बाई मागे सरल्या, आणि एकदा चालायला लागल्यावर गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत थांबल्या नाहीत.

८

उन्हाळा संपला. हवा बदलली, एसी बंद झाले, लोड उतरला. हुकमाचा फोन गप्प झाला. कुणाचीच वीज जाईना, त्यामुळे शिव्यांचा फोनही गप्प झाला. बाई एक वाजता शांतपणे जेवू लागल्या. घास मोजता येतील इतकी शांतता होती.

पोलमामा निवृत्त होऊन मुलीकडे गेले. बहिणीचे तीन रविवार सुटले. बाईंनी तिला फोन केला, तर ती घाईत होती. "करते गं मी," म्हणाली. आणखी दोन रविवार गेले.

मग एका बुधवारी, बाहेर छान गारवा असताना, दुपारी बारा वाजता बाई पॅनलसमोर उभ्या राहिल्या. काटा तपासायला हवा, त्यांनी ठरवलं. थंडीत काय होतं ते बघायला हवं. लॉगबुकात त्यांनी लिहिलं, "सहा नंबर, देखभालीसाठी, दहा मिनिटं." सगळं नियमाला धरून होतं. त्यांनी ब्रेकर पाडला आणि काट्याकडे न बघता फोनशेजारी जाऊन बसल्या.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग फोन वाजला. बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला.

"हॅलो?"

"बाई!" काकांचा आवाज होता, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मागे रस्त्याचा गलका. "बाई, कुणी बंद केली? आज कशी बंद झाली?"

"काका, दहाच मिनिटं..."

"आम्हाला वेळ ठाऊक असते हो! आम्ही आधी बाहेर येतो! मी फाटकाशी होतो, ती आत होती. दार लागलंय. आतून कडी आहे." काकांना धाप लागली होती. "ती हसतेय, बाई. मला ऐकू येतंय. सगळ्यांत मिसळून हसतेय. चालू करा!"

बाई धावल्या. ब्रेकर बसवला. आवाज झाला, काटा वर उसळला. परत येऊन त्यांनी रिसीव्हर घेतला. "काका, आली का लाइट?"

"आली."

"दार?"

पावलं ऐकू आली, मग एकेका खोलीत जाऊन मारलेल्या हाका.

"उघडलं," काका म्हणाले. "आत कोणी नाही."

९

पोलीस आले, मुलगा आला. विहिरी, स्टेशनं, नातेवाइकांची घरं, सगळं शोधून झालं. बाईंना एकदा विचारलं, वीज का गेली होती? त्यांनी लॉगबुक दाखवलं. त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. लोक म्हणाले, नवरा लांब, तरुण बाई, गेली असेल कुणाबरोबर. मुलगा महिनाभर राहिला आणि कामावर परत गेला.

बाईंना कुणीच दोष दिला नाही. कुणी दिला असता तर त्यांनी तो हातात हात घेतल्यासारखा घट्ट धरला असता.

पुन्हा उन्हाळा लागला. "बाई, सहा नंबर, एक तास." त्या ब्रेकर पाडत. दहा मिनिटांनी शिव्यांचा फोन वाजायला लागे आणि दोन वाजेपर्यंत वाजत राही. बाई उचलत नसत. खऱ्या तक्रारींचे फोनही त्यात अडकून राहत, पण त्याला इलाज नव्हता.

एका दुपारी दारात काका उभे राहिले. चालत आले होते, घामाने चिंब. वर्षभरात ते खूप वाळले होते.

"घरातून ती फोन लावत असते, पण आत जायचं धाडस होत नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, इथून उचलता येईल."

बाईंनी आपली खुर्ची रिकामी करून दिली. पाण्याचा ग्लास ठेवला. एक वाजता ब्रेकर पाडला. दोघं फोनकडे बघत बसले. फोन वाजला तेव्हा काकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली, आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"तिकडे गार आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

बाई उठून बाहेर गेल्या. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशी भर उन्हात उभ्या राहिल्या. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि येऊ नये म्हणून त्या आणखी चार पावलं लांब गेल्या.

दोन वाजता परत आल्या, तेव्हा काका पुढे वाकून, अगदी हळू आवाजात बोलत होते. बाई पॅनलकडे वळल्या तसा काकांनी त्यांचा हात धरला. "दहा मिनिटं," ते ओठ हलवून म्हणाले. "बाई, फक्त दहा मिनिटं."

बाईंनी काट्याकडे पाहिलं. तो पंचेचाळीसवर होता आणि हलके हलके चढत होता.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि ब्रेकर बसवला. गावाच्या कडेला शेकडो पंखे एकदम सुरू झाले असतील, माणसं खुर्च्या उचलून आत गेली असतील. कंट्रोल रूममध्ये काका रिसीव्हर कानाला लावून तसेच बसले होते. फोन केव्हाच कट झाला होता. त्याचा एकसुरी टूं आवाज बाईंना टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

"हो," काका त्याला म्हणत होते. "हो गं. हो."

बाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसल्या. रिसीव्हर काढून घ्यायला त्यांचा हात पुढे झाला नाही.